स्वमग्न विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि आभासी परिसर

स्वमग्न मुलांना दैनंदिन व्यवहार, सामाजिक वर्तन व भयनिवारण यांचे शिक्षण देण्यासाठी संगणकनिर्मित, प्रेक्षकाला सर्व बाजूंनी वेढणाऱ्या दृश्य-श्राव्य परिसराचा उपयोग करण्याची पद्धती. या परिसराला ‘आभासी वास्तव’ किंवा व्हर्च्युअल रिॲलिटी असे म्हणतात. त्याचे सामान्यतः तीन प्रकार आढळतात. पहिल्यात डोक्यावर बसविलेल्या संचातून दोन्ही डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण केला जातो आणि मान वळविताच दृश्यही वळते. दुसऱ्यात संपूर्ण खोलीच्या भिंतींवर दृश्य प्रक्षेपित केलेले असते. तिसरा प्रकार साध्या संगणकाच्या पडद्यावर दांडीने किंवा कळफलकाने चालविण्याचा असून तो सर्वांत स्वस्त आहे. या पद्धतीचा इतिहास सु. तीन दशकांचा आहे. मात्र ती ज्या प्रश्नातून उद्‌भवली, तो प्रश्न स्वमग्नतेच्या निदानाइतकाच जुना आहे.

स्वमग्नतावाचक मूळ संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर (१८५७–१९३९) याने छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी वापरली होती. बालपणापासून दिसणारी स्वतंत्र अवस्था या अर्थाने ती लिओ कॅनर (१८९४–१९८१) याने १९४३ मध्ये रूढ केली. बॉल्टिमोर येथील या बालमनोविकारतज्ज्ञाने आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकटेपणाची ओढ, परिसरात बदल होऊ न देण्याचा आग्रह आणि ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारण्याची सवय ही लक्षणे त्याने नोंदविली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर (१९०६–८०) याने तशाच, पण भाषा चांगली अवगत असलेल्या मुलांविषयी लिहिले. त्याचे लेखन जर्मन भाषेत राहिल्याने लोर्ना विंग (१९२८–२०१४) या ब्रिटिश विदुषीने १९८१ मध्ये त्याची ओळख करून देईपर्यंत इंग्रजी जगताला ते फारसे परिचित नव्हते.

मधल्या काळात या मुलांच्या शिक्षणाचा विचार जवळजवळ झालाच नाही. मातेच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे ब्रूनो बेटलहाइम (१९०३–९०) याच्यासारखे लेखक सांगत. त्यामुळे मुलाला शिकविण्याऐवजी आईलाच दोष देण्यात दोन दशके गेली. हे मत निराधार होते आणि त्याने असंख्य कुटुंबांचे नुकसान केले. स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता असलेला मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड (१९२८–२००६) याने १९६४ च्या आपल्या ग्रंथात स्वमग्नतेचे मूळ मज्जासंस्थेच्या जडणघडणीत असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर एरिक शॉप्लर (१९२७–२००६) याच्या पुढाकाराने नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ मध्ये एक शिक्षणयोजना सुरू झाली. स्वमग्न मूल ऐकण्यापेक्षा पाहून अधिक सहज शिकते, हे तिचे सूत्र होते. दिवसाचा क्रम चित्रांनी मांडलेला, प्रत्येक कामाची जागा ठरलेली आणि काम कोठे संपते ते डोळ्यांना दिसणारे, अशी वर्गाची मांडणी त्यात केलेली असे. आभासी परिसराचा पहिला प्रयोग याच राज्यात आणि याच विचाराच्या शिक्षकांबरोबर व्हावा, हा योगायोग नव्हे.

यंत्राची बाजू निराळ्या वाटेने विकसित झाली. एडविन लिंक (१९०४–८१) याने १९२९ मध्ये वैमानिकांना जमिनीवरच उड्डाण शिकविणारी पेटी तयार केली. जिवाला धोका न होऊ देता धोक्याचा सराव, ही कल्पना तेथून पुढे आली. मॉर्टन हायलिग (१९२६–९७) याने दृश्य, ध्वनी, कंप व गंध एकत्र देणाऱ्या ‘सेन्सोरामा’ यंत्राचे एकस्व १९६२ मध्ये मिळविले. आयव्हन सदरलंड (१९३८– ) याने १९६८ मध्ये डोक्यावर बसणारा पहिला संगणकीय दृश्यसंच बनविला. तो इतका अवजड होता, की छताला टांगावा लागे. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ ही संज्ञा जॅरन लॅनिअर (१९६०– ) याने १९८० नंतरच्या दशकात लोकप्रिय केली. सैन्य, विमानोड्डाण आणि करमणूक हे या यंत्रांचे मुख्य ग्राहक होते व शाळेचा विचार त्यांत सर्वांत शेवटी आला.

वेढणाऱ्या परिसराची एक संगणकविरहित परंपराही येथे लक्षात घ्यावी लागते. नेदर्लंड्समध्ये १९७० नंतरच्या दशकात यान हुल्सेखे व आट फरहूल यांनी ‘स्नूझेलेन’ नावाच्या खोल्या विकसित केल्या. मंद प्रकाश, बुडबुड्यांचे स्तंभ, मऊ पृष्ठभाग आणि सौम्य ध्वनी यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना स्वस्थता मिळावी, हा त्यांचा हेतू होता. भारतातील अनेक विशेष शाळांत व उपचारकेंद्रांत आज ‘संवेदन कक्ष’ म्हणून जे आढळते, त्याचे मूळ येथे आहे. फरक इतकाच, की स्नूझेलेनमध्ये मुलाला काही शिकवायचे नसते, तर आभासी परिसरात शिकवायचे असते.

पहिला प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉरोथी स्ट्रिकलंड हिने मेसिबोव्ह, मार्कस व होगन या सहकाऱ्यांसह साडेसात वर्षांची एक मुलगी व नऊ वर्षांचा एक मुलगा यांना आभासी रस्त्यावर नेले. धडा साधा होता : येणारी मोटार ओळखणे, तिचा रंग सांगणे, आणि पुढे थांब्याची पाटी शोधून तिच्याकडे चालत जाणे. विषयाची निवड विचारपूर्वक केलेली होती. धोक्याची जाणीव कमी असल्याने रस्ता ओलांडणे हा अनेक स्वमग्न मुलांच्या पालकांचा नित्य धसका असतो आणि प्रत्यक्ष रस्त्यावर चुकत शिकण्याची सोय नसते. दृश्य मुद्दाम ओबडधोबड ठेवले होते. रंग थोडे, तपशील कमी आणि सुरुवातीला मोटार एकच. संगणकाची तत्कालीन मर्यादा येथे गुणच ठरली, कारण स्वमग्न मुलाचे लक्ष एखाद्या अनावश्यक तपशिलावर खिळून राहण्याचा संभव असतो. डोक्यावरचा संच जड होता. नवी वस्तू अंगावर घेण्यास कडाडून विरोध करणारी ही मुले तो स्वीकारतील की नाही, हीच मुख्य शंका होती. दोघांनीही तो स्वीकारला, मोटारीच्या मागे नजर आणि मान वळविली व सांगितलेल्या कृती बऱ्याच अंशी केल्या. दोन मुलांवरून सिद्धांत मांडता येत नाही. प्रयोगाने सिद्ध केले ते एवढेच, की हा मार्ग बंद नाही.

यानंतरचे महत्त्वाचे काम इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाले. सेरा पार्सन्स व तिच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर संगणकाच्या पडद्यावर एक उपाहारगृह व एक बस उभी केली. रांगेत उभे राहणे, रिकामी जागा नसेल तर ‘येथे बसू का?’ असे विचारणे, दोघे बोलत असताना त्यांच्या मधून न जाणे, हे किशोरवयीन विद्यार्थ्यांना शिकवायचे होते. बहुतेकांना पडद्यावरचे दृश्य हे खऱ्या जागेचे प्रतिरूप आहे हे समजले. काहींनी मात्र बोलणाऱ्या माणसांमधून वाट काढली. ते नियम न कळल्यामुळे की पडद्यावरची माणसे खरी नाहीत हे नेमके कळल्यामुळे, असा प्रश्न त्यातून उपस्थित झाला. तो अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये आठ तरुणांना पाच आठवड्यांत दहा सत्रे देऊन मुलाखत, ओळख व मतभेद अशा प्रसंगांचा सराव दिला. तेथे आभासी पात्रांच्या मागे जिवंत शिक्षक बोलत होते.

भयनिवारणाचा न्यूकॅसल विद्यापीठाचा प्रयोग (२०१४) सर्वाधिक बोलका आहे. त्यात डोक्यावर काहीच घालावे लागत नव्हते. कॉन्सेट या गावातील एका खोलीच्या भिंतींवर व छतावर दृश्य पसरविले जाई आणि मूल मानसोपचारतज्ज्ञासह त्या खोलीत बसे. दृश्य प्रत्येक मुलाच्या भीतीप्रमाणे स्वतंत्रपणे तयार केलेले असे. कोणाला गर्दीची बस, कोणाला दुकान, कोणाला कबुतरे. सात ते तेरा वर्षांच्या नऊ मुलग्यांना प्रत्येकी चार सत्रे देण्यात आली. प्रत्येक सत्र अर्ध्या तासाच्या आत संपे. त्यांपैकी आठ जणांना आपल्या भीतीचा सामना करणे शक्य झाले व चौघांची ती भीती पूर्णपणे गेली. पालकांनी नंतर मुलाला त्याच प्रसंगात प्रत्यक्ष नेणे हा उपचाराचा भाग होता. हे वाक्य प्रयोगाच्या वृत्तपत्रीय वर्णनांतून बहुधा गळून जाते आणि यश केवळ निळ्या खोलीच्या पदरात टाकले जाते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१९ मध्ये ७१ मुलांवर केलेला प्रयोग वेढणाऱ्या परिसराचा नसून खऱ्या दृश्यावर माहिती चढविणाऱ्या चष्म्याचा होता. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरील भाव संगणक ओळखे व मुलाला सांगे. घरी सहा आठवडे वापर केल्यावर सामाजिक वर्तनाच्या मापनात काही सुधारणा दिसली. परंतु तो चष्मा बनविणाऱ्या गूगल कंपनीने मार्च २०२३ मध्ये त्याची विक्री थांबविली. याच कंपनीचा पुठ्ठ्याचा स्वस्त दृश्यसंच २०१४ मध्ये आला आणि २०२१ मध्ये बाजारातून गेला. पहिलीतले मूल दहावीत पोहोचण्यापूर्वी त्याचे शैक्षणिक साधन नामशेष व्हावे, ही अडचण ज्यांच्यासाठी परिसरातील बदल हीच मोठी पीडा आहे अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत किरकोळ मानता येत नाही.

भारतात स्वमग्न मुलांच्या शिक्षणाची संघटित वाटचाल उशिरा सुरू झाली. दिल्लीत १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात पुण्याचे प्रसन्न ऑटिझम सेंटर व मुंबईचा पालकांचा ‘फोरम फॉर ऑटिझम’ यांनी या विषयाला समाजात स्थान मिळवून दिले. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तो प्रथम केला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. निदानासाठी भारतीय परिस्थितीला अनुरूप मापनश्रेणी २००९ मध्ये तयार झाली. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत आभासी रस्ता तयार झाला, त्या वर्षी भारतीय कायद्याच्या दृष्टीने स्वमग्न विद्यार्थी अस्तित्वातच नव्हता.

तंत्रविद्येत मात्र भारतीय संशोधन मागे राहिलेले नाही. उत्तमा लाहिरी यांनी प्रथम अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात आणि नंतर गांधीनगरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत, विद्यार्थी पडद्यावरील पात्राच्या चेहऱ्याकडे किती वेळ पाहतो हे मोजून त्यानुसार प्रसंग बदलणारी प्रणाली विकसित केली. तिच्या पुढील रूपांत नाडीचे ठोके व त्वचेतील बदल यांवरून मुलाची अस्वस्थता ताडून धड्याची काठिण्यपातळी कमी-अधिक करण्याची सोय होती. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील ‘जेलो’ हे चित्रांच्या साहाय्याने बोलण्याचे साधन मराठीतही उपलब्ध झाले. ते आभासी परिसराचे नव्हे. परंतु भाषा न बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व अधिक आहे.

या सर्व प्रयत्नांचा कस लागतो तो एका प्रश्नावर : आभासी जागेत शिकलेले खऱ्या जागेत उतरते काय? एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरणे हेच स्वमग्न मुलाला कठीण जाते. शाळेच्या नळावर हात धुणारे मूल घरच्या नळाशी थबकते, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. मावळ तालुक्यातील सोमाटणे हे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. तळेगाव दाभाडेजवळ जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर वसलेल्या या गावाच्या फाट्यावर मालमोटारी, एस्. टी. गाड्या, सहा आसनी रिक्षा व दुचाकी यांची वर्दळ असते. तेथील विद्यार्थ्याला अमेरिकेत तयार झालेला रस्ता ओलांडण्याचा धडा दिला, तर तो प्रथम डावीकडे पाहण्यास शिकेल, कारण तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. भारतात पहिली मोटार उजवीकडून येते. इतर मुले अशी चूक स्वतःच दुरुस्त करून घेतात. नियम अक्षरशः पाळणारे स्वमग्न मूल तो तसाच पाळेल, आणि तेथे साधनाची उणीव थेट जिवावर बेतेल. परदेशी दृश्यातील मोटार पट्ट्यांपाशी थांबते व पादचारी मग निघतो. फाट्यावर ती थांबेलच असे गृहीत धरून पाऊल टाकणे घातक आहे.

भाषेचीही तीच गत आहे. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे धरून ठेवणाऱ्या मुलाला आभासी बसमधील वाहक ‘कृपया तिकीट घ्यावे’ असे म्हणताना ऐकविले आणि खऱ्या बसमध्ये ‘हं, कुठं जायचं?’ असा आवाज कानी पडला, तर त्याच्या लेखी हा प्रसंग शिकलेला नसतोच. म्हणून दृश्य जेथे वापरायचे तेथेच चित्रित केलेले असावे आणि बोलणे तेथल्या माणसांचे असावे. चहूबाजूंचे दृश्य एकाच वेळी टिपणारे कॅमेरे आता उपलब्ध असल्याने हे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. मराठी बालशिक्षणाला ही दृष्टी अपरिचितही नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया व खडे यांपासून शैक्षणिक साहित्य उभे केले. साधन मुलाच्या परिसरातून यावे, हा त्यांचा आग्रह केवळ काटकसरीपोटी नव्हता.

आरोग्याच्या बाजूनेही मर्यादा आहेत. मान वळणे व दृश्य वळणे यांत किंचित विलंब झाला, तरी मळमळ व डोकेदुखी होते. बोलू न शकणारे मूल ती सांगू शकत नाही, संच भिरकावून देते आणि त्याची नोंद ‘वर्तनदोष’ अशी होते. स्वमग्न व्यक्तींत अपस्माराचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक असल्याने झगमगती दृश्ये टाळावी लागतात. बऱ्याच उत्पादकांनी आपले संच बारा-तेरा वर्षांखालील मुलांसाठी नसल्याचे जाहीर केले होते. मेटा कंपनीने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीच्या अटीवर ही मर्यादा दहा वर्षांवर आणली. शिक्षणाचा सर्वाधिक परिणाम होण्याचे वय त्याहून बरेच लहान आहे. त्यामुळे बालवर्गासाठी डोक्यावरच्या संचापेक्षा भिंतीवरील प्रक्षेपण किंवा साधा पडदा हाच पर्याय उरतो. पुराव्याची स्थितीही सामान्य आहे. डोक्यावरच्या संचांविषयी ब्रॅडली व न्यूबट यांनी २०१८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात निकषांत बसणारे अवघे सहा अभ्यास आढळले. बहुतेक प्रयोग बोलू शकणाऱ्या व बुद्धिमान विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. ज्यांना बोलता येत नाही, अशा मुलांविषयी त्यांतून फारसे हाती लागत नाही.

अलीकडे स्वमग्न व्यक्तींनीच एक मूलभूत आक्षेप घेतला आहे. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ मांडला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणतात. पण इतरांनाही त्याचे मन कळत नाही, तेव्हा उणीव एकाच बाजूला का लावावी, असे तो विचारतो. या दृष्टीने पाहता डोळ्यांत डोळे घालून बोलण्याचा आभासी सराव हा विद्यार्थ्याच्या गरजेपेक्षा पाहणाऱ्याच्या समाधानासाठी ठरतो. रस्ता ओलांडणे, दंतवैद्याच्या खुर्चीत बसणे, परीक्षेची खोली आधी पाहून ठेवणे या धड्यांना हा आक्षेप लागू होत नाही, आणि या पद्धतीचे खरे क्षेत्र तेच दिसते. काही ठिकाणी याच साधनांचा उलट उपयोगही करण्यात आला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय स्वमग्नता संस्थेने २०१६ मध्ये बाजारपेठेतील गोंगाट व झगमगाट स्वमग्न मुलाला कसा भासतो, हे दाखविणारी चित्रफीत आभासी स्वरूपात प्रसृत केली. तिचा प्रेक्षक इतर समाज होता. वर्गातील पंख्याची घरघर, घंटेचा कर्कश आवाज आणि साठ मुलांचा गलका यांनी एखादा विद्यार्थी कान झाकून बाकाखाली का शिरतो, हे शिक्षकाला अशा फितीतून काही मिनिटांत कळू शकते.

खर्चाचा विचार केल्यास संच हा त्यातील लहान भाग होय. दृश्य तयार करणारा, ते मुलागणिक बदलणारा आणि नंतर मुलाचा हात धरून त्याच जागी त्याला नेणारा शिक्षक हा मोठा भाग. समग्र शिक्षा योजनेखाली तालुक्याच्या गट साधन केंद्राकडे विशेष शिक्षक नेमलेले असतात आणि एकेकाला अनेक शाळा व सर्व प्रकारची दिव्यांग मुले सांभाळावी लागतात. सोमाटण्यासारख्या गावातील विद्यार्थ्यासाठी फाट्याचे दृश्य एका सकाळी चित्रित करता येईल. ते आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटे दाखविणे, दर वेळी एकच वाहन वाढविणे आणि प्रत्येक पायरीनंतर पालकासह प्रत्यक्ष फाट्यावर जाऊन प्रथम नुसते उभे राहणे, मग एका बाजूने मधल्या दुभाजकापर्यंत जाऊन परत येणे, या कामास काही महिने लागतात. प्रवासात जाणारा शिक्षकाचा हा वेळ यंत्रखरेदीच्या अंदाजपत्रकात धरला जात नाही.